सवरीच्या धाब्यावरचे लोला

बायसूनच्या डोंगराखालच्या त्या गावात आता बहुतेक घरांवर निळा पत्रा आला आहे. सवरीच्या घरावर मात्र अजून मातीचं धाबं. तिच्या सासऱ्यांनी टेकडीवरची माती गाढवावर लादून आणली, तेव्हा मातीबरोबर रानट्यूलिपचे कांदेही आले. तेव्हापासून दर वसंतात धाबं लालबुंद होतं. गावात त्या फुलांना लोला म्हणतात. सवरी लग्न होऊन आली ती याच दिवसांत. सासूनं तिला आधी चूल दाखवली नाही, शिडी दाखवली.

नवरा गेल्यावर भुसा कालवून धाबं लिंपायचं काम तिच्याकडेच आलं. त्याची तिनं कधी कुरकूर केली नाही. पण लेक नोरगुल लग्नाची झाली आणि तीच फुलं आईला टोचू लागली. मुलगी बघायला आलेल्या बायका अंगणातूनच वर बघत राहायच्या. एकजण तर हसून म्हणाली होती, "वर शेती करता वाटतं?" ती पुन्हा फिरकली नाही.

म्हणून देनौ गावची हदिचा आपल्या मुलासाठी नोरगुलला बघायला येणार असा निरोप आला, तशी सवरी आदल्या दिवशीच धाब्यावर चढली.

"आई, राहू दे ना," नोरगुल शिडीखालून म्हणाली. "फुलांना हसणारं घर मला नकोच आहे."

"तुला काय जातंय बोलायला. बस मग इथंच म्हातारी होऊन, फुलांना पाणी घालत."

"त्यांना कुठं पाणी लागतं?"

सवरीनं एकही फूल ठेवलं नाही. कांद्यासकट उपटली आणि वरवर माती दाबली. रात्री पाऊस लागला, तो सकाळपर्यंत.

हदिचा आली, गादीवर ऐसपैस बसली. सवरीनं तिच्या पेल्यात दोन घोटच चहा ओतला. पाहुण्याला थोडा थोडा द्यायचा, पुन्हा पुन्हा द्यायचा. पेला काठोकाठ भरला, की त्याचा अर्थ, उठा आता. नोरगुलनं रोट्या मांडल्या. बोलणं रंगात आलं, आणि छतातून थेंब गळायला लागले, थेट हदिचाच्या पेल्यात. सवरीचं लक्ष जाईतो पेला गढूळ पाण्यानं तुडुंब भरला होता.

"ताई," हदिचा पेल्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही गोड बोलताय, पण तुमचं घर मला जा म्हणतंय."

नोरगुलनंच सांगून टाकलं, "तुम्ही येणार म्हणून आईनं धाब्यावरचे लोला उपटले. तिथं भोकं पडलीत."

"कांद्यासकट?"

"कांद्यासकट."

"अगं बाई. टाकलेत कुठं?"

"गोठ्यामागं."

हदिचा पेला घेऊन उठली. संपलं, असं सवरीला वाटलं. हदिचानं दारातून बाहेर बघितलं, बाह्या वर सारल्या.

"पाऊस थांबलाय. पोरी, कांदे गोळा कर, माती कालव. आमच्या धाब्यावर यांनी पत्रा घातला, तेव्हापासून वसंतात वर बघावंसंच वाटत नाही मला."

तिनं पेला अंगणात रिता केला आणि सवरीपुढं धरला.

"आणि चहा थोडाच ओता, विहीणबाई. मला बसायचंय अजून."