चटणीच्या शेडमध्ये तोंड येतं तेव्हा

जिथं दिवसभर लाल तिखट हवेत उडतं, तिथं तोंड आल्याचे किस्से कमी कसे पडतील? सोलापूरच्या आमच्या शेंगाचटणीच्या शेडमध्ये कोपऱ्यात टरफलं साठतात, तसे हे किस्सेही साठलेत. शेड माझी आणि नवऱ्याची. कामाला बायका आहेत, त्यातल्या दोघी लक्षात ठेवा. एक शाहीन. ती कुटते आणि बोलते, दोन्ही एकाच वेगानं! दुसऱ्या मैंदर्गीच्या अंबव्वा मावशी. त्या पाटावर बसून प्रत्येक घाण्याची चव बघतात. चिमूट जिभेवर ठेवून त्या "व्हय" म्हणेपर्यंत एकही पाकीट बंद होत नाही.

*

नवऱ्याला तोंड आलं की तो आधी गावभर सांगतो. कुणी तूप लावायला सांगितलं, कुणी मध, कुणी जाईचा पाला चावायला. पाला त्याला मानवला. शेजारच्या बाईंच्या कुंपणावर जाईचा वेल होता. साहेब सकाळी फिरायला जाताना दोन पानं तोंडात टाकायचे. दोनाची मूठ झाली. तोंड बरं झालं, पण एक दिवस शेजारच्या बाई दारात आल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही शेळी पाळलीय का हो?"

*

माझं तोंड मार्च एंडला येतं. कामाचं टेन्शन, जागरण आणि जेवण म्हणून चहा-बिस्किट! डॉक्टर म्हणाले, "झोप घ्या, पाणी प्या, पालेभाज्या खा. बी-कॉम्प्लेक्स लिहून देतो. आणि तिखट बंद. ती शेंगाचटणी तर अजिबात नको!"

"डॉक्टर, माझा धंदाच तो आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि गोळ्या लिहून दिल्या. मी जिन्यापर्यंत पोचले तोच कंपाउंडर मागून धावत आला. "मॅडम, सरांनी अर्धा किलो सांगितलीय. झणझणीत!"

*

शाहीनचं तोंड आलं ते नणंदेच्या मुलाच्या लग्नात, ऐन वेळी. "भाभी, सब लोगां बिर्याणी खारे, मैं कोने में बैठको दही-चावल! मुँ खोले तो जलता, क्या बात करूँ?"

गप्प बसलेली शाहीन सासरच्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मानपानात काहीतरी चुकलं, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. लग्न आटोपल्यावर नणंद मिठाई आणि साडी घेऊन माफी मागायला घरी!

"मग तू काय सांगितलंस?"

"क्या बोलना? साडी अच्छी थी. माफ कर दी!"

*

गेल्या वर्षी पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "या वेळची चटणी फारच छान!" मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पाठोपाठ आमच्या इथल्या दुकानदाराचा आला. "ताई, ही चटणी हाय का पोरांचा खाऊ?"

तिखट रोज थोडं थोडं कमी होत होतं. अंबव्वा मावशी म्हणायच्या, "लई झालंय, कमी करा की," आणि कुटणाऱ्या कमी करायच्या. शेवटी शाहीननं त्यांना उजेडात नेऊन तोंड उघडायला लावलं. जिभेच्या कडेला जखम होती, महिन्याभराची!

"मावशी, सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर ह्या पाटावर कुनी बसू दिलं असतं मला?"

त्यात मावशी रोज मिसरी लावायच्या, भाजलेल्या तंबाखूची. मनात नको ते येत होतं. तशीच शाहीनला सोबत घेऊन त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आरसा धरून तुटलेली दाढ दाखवली. "हिची धार रोज जिभेला घासतेय." धार घासून गुळगुळीत केली, मिसरी कायमची बंद केली आणि दटावलंही. "तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायचंच, लपवायचं नाही! आता दोन आठवडे बघू. नाही भरली तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

कशासाठी तपासायचा, ते मावशींना न सांगताच कळलं. येताना रिक्षात त्यांनी शाहीनचा हात धरला. "आता माज्या जागी तू बस. तुजी जीब चांगली हाय."

"मैं नई बैठती. जगा तुमारी है."

मावशी घरी होत्या तोवर शाहीननं चव बघितली, पण उभ्यानं. पाट रिकामाच राहिला.

*

दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी जीभ उलटीपालटी करून पाहिली. "भरली पूर्ण. काळजीचं काही नाही." मला रडूच फुटलं. मावशी मात्र पदर खोचून उभ्या. "मग चला की. घाणा निघाला असंल."

शेडमध्ये घाणा तयारच होता. शाहीननं मला बाजूला ओढलं आणि कानात सांगितलं, "भाभी, मैं नमक डालीच नई. देखते, समझता क्या इनको."

मावशी पाटावर बसल्या. चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. कुटणं थांबलं. कुणी हलेना. मावशींच्या कपाळाला आठी पडली.

"शाहीन, मीठ कुटं हाय गं ह्यात?"

शाहीन त्यांच्या गळ्यातच पडली. हसत होती, रडत होती, आणि बायका टाळ्या पिटत होत्या. तिला ढकलत मावशी ओरडल्या, "येव्वा! मीठ इसरली, आन वर टाळ्या वाजवताय? मी न्हवते तर हे असं चालवलं व्हय तुमी?"