खाऱ्या पाण्याची टाकी आणि माझा कान

दोन हजार सालाच्या आगेमागे मी गडचिरोलीच्या जंगलात, नदीपलीकडच्या उपकेंद्रात नर्स होते. त्या पावसाळ्यात कळा देणारी एक बाई आम्ही खाटेवर उचलून काठावर आणली. पूर असा, की मगरीसुद्धा झाडावर चढून बसल्या होत्या. दवाखान्याच्या काठाला न्यायला डोंगा, म्हणजे आमची लाकडी होडी, येईना. मी तिच्या पोटाला भोंगा लावून बाळाचे ठोके ऐकत बसले. ऐकता ऐकता ते थांबले.

तेव्हापासून कुठल्याही पोटाला भोंगा लावला की त्याला कान टेकवायचा धीरच व्हायचा नाही. नर्सचा कान गेला की मागे काय उरतं? टोपी.

आरोग्य खात्यातल्या आमच्या साहेबांकडे मी उपकेंद्रासाठी डोंगा मागितला. साहेबांनी टाकी मागवली.

ताणमुक्ती म्हणे! वडशाच्या एका हॉलात पुण्याच्या एका मॅडमनी झाकणवाली फायबरची टाकी मांडली होती. आत कोमट पाणी, त्यात एवढं मीठ की अख्ख्या जिल्ह्याच्या कैऱ्या मुरल्या असत्या. माणूस बुडत नाही, नुसता तरंगतो. वर अंधार, कान पाण्यात, जग बंद.

"हलकं वाटेल बघा, सिस्टर," मॅडम मधाळपणे म्हणाल्या.

"आमच्या नदीत पडलं तरी हलकंच वाटते. मंग माणूस सापडत नाई."

"जा ना वं, लोणचं होऊन ये!" रांगेत मागे उभी असलेली आरमोरीची सिस्टर खिदळली.

झाकण पडलं. त्या मेल्या शांततेत ठोके ऐकू आले. धप्... धप्... बाळाचे ठोके कसे पळतात; हे तर चढावर रखडलेल्या बैलगाडीसारखे. पोरगं चाललं! मी उठले ती झाकण छताला भिडवून.

"ठोके मंद पडून राह्यले! गाडी काढा! डाव्या कुशीवर घ्या तिले!"

ओल्या झग्यात बोंबलत, अर्धी टाकी साहेबांच्या बुटांत ओतून मी दारापर्यंत पोचले. आरमोरीच्या सिस्टरनं मला कवेत आवळलं. आता ती हसत नव्हती.

"अवं, तुझेच हायेत ते. तुझ्याच काळजाचे."

कान बुडाले की तेवढंच ऐकू येतं, हे मॅडमना ठाऊक होतं. मला सांगायचं तेवढं सुचलं नव्हतं.

"उत्तम!" मॅडमनी टाळी वाजवली. "साचलेलं बाहेर पडलं!"

"साचलेलं नदीत हाय. डोंगा द्या."

साहेब बूट झटकत म्हणाले, "बरं वाटलं ना? मग सोमवारी हजर व्हा."

सोमवारी पहिलीच आली ती नवव्या महिन्यातली. मी भोंगा पोटाला लावला, पण कान काही टेकवेना.

"काऊन थांबल्या, बाई?"

मी मनातल्या मनात साहेबांना, मॅडमना, त्या पोतंभर मिठाला अशा शिव्या हासडल्या, की छापल्या तर कागद पेटेल. त्याच तावात भोंग्याला कान टेकवला. पोरगं दणक्यात होतं.

"चांगलं हाय," मी म्हटलं. "पण पूर यायच्या आधी नदी ओलांडून बहिणीकडे जाऊन राह्य. डोंग्याच्या भरवशावर राहू नको. आमच्या साहेबाच्या तर बिलकुल नको."