अल-खोबरचं महाग पाणी आणि पुदिना

अम्मीचा फोन आला नसता तर आखाती युद्धाच्या दिवसांत मी जेद्दा सोडून पूर्वेला गेलोच नसतो. "तिकडे रॉकेटं पडतायत म्हणे. सलीमला घेऊन ये," ती म्हणाली. सलीम माझा धाकटा भाऊ, अल-खोबरबाहेर काकडीच्या शेतावर कामाला. मी जेद्दात, अल अझीझियाच्या कापडदुकानात.

दुसऱ्या गावी जायचं तर कफीलची, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या अरब मालकाची, चिठ्ठी लागायची, नाहीतर चौकीवर बसमधून उतरवत. ती खिशात आहे ना, हे मी रियाधपर्यंत चाचपत होतो. रियाधला बस बदलायची. वाटेत कोंबडी-भाताचं एक ताट दोघांना पुरतं, शेजाऱ्याला विचारायला लाजू नका.

मला खरी धास्ती पाण्याची होती. समुद्रात तेल पसरलंय, पाणी गोडं करणारे कारखाने बंद पडणार, असं जो तो बोलत होता. म्हणून मी जेद्दाहून दोन कॅन भरून नेले. सलीम हसत सुटला. "भाई, जेद्दाचं पाणी तरी कुठल्या झऱ्याचं? तेही समुद्राचंच!"

त्याचं शेत म्हणजे प्लास्टिकच्या लांब शेड, प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी थेंब थेंब पाणी. गोडं पाणी टँकरने यायचं. ते नुसतं वापरणं परवडत नाही, म्हणून खाऱ्या विहिरीच्या पाण्यात मिसळायचे. तरीही काकडी महागच पडायची, बाहेरून ट्रकने येणारी स्वस्त. लढाईने ते ट्रक अडले तेव्हा कुठे सलीमच्या काकडीला भाव आला.

"लढाई थांबली की आम्ही खलास," तो म्हणाला. शेत ठेवायचं की नाही, हे ठरवायला त्याचा कफील दुसऱ्या दिवशी येणार होता.

बंदच होऊ दे, असं मला मनातून वाटत होतं. सलीमचा चेहरा मात्र उतरलेला. गावी जाऊन करणार काय? तिथे सगळा धंदा मासेमारीचा, आणि होडीत पाय ठेवला की त्याला उलटी होते.

नमाजाआधी वजूला हातपाय धुताना सलीम खाली घमेलं ठेवायचा आणि ते पाणी खोलीमागच्या पुदिन्याला घालायचा. पाहुणा येणार म्हणून मी त्यातलाच पुदिना खुडून चहात टाकला.

कफील आला. म्हातारा माणूस, खांद्याला गॅसच्या मुखवट्याची पिशवी. त्याने पेला हुंगला. "हा कुठला?" सलीमने मागे बोट दाखवलं. म्हातारा उठून गेला, पान चुरगाळून परत आला.

"काकडी ट्रकमध्ये किती टिकते?"

"बरेच दिवस."

"आणि हा?"

"हा संध्याकाळपर्यंत मान टाकतो." सलीम मला अरबी समजावून सांगत होता.

"मग लांबून येणारा ट्रकवाला यात मला कसा हरवेल? यल्ला, चल, एका शेडमधली काकडी काढ आणि हा लाव!"

तो गेल्यावर सलीम म्हणाला, "भाई, मला न्यायला आलास की रोवायला?"

मी एकटाच परतलो. अम्मीला फोनवर सांगितलं, "त्याचं पाणी आता परवडणार बहुतेक."

लढाई संपली, ट्रक आले, काकडीच्या शेड बंद झाल्या. पुदिन्याच्या राहिल्या. सलीमही राहिला, बरीच वर्षं.

आता आम्ही दोघेही गावी आहोत. मी वजूला घमेलं घेऊन बसलो की बायको ओरडते, "विहीर तुडुंब आहे हो!" असेना. उन्हाळ्यात आटली तर? मी घमेलं पुदिन्यावर रिकामं करतो. सलीम चहाला येतो आणि घोट घेण्याआधी पेला हुंगतो, अगदी त्या म्हाताऱ्यासारखा.