उभी केली की पडते

"उभी केली की पडते. झपाटलीय ती, डाक्तर," शिवथरची म्हातारी सांगत होती. दोन दिरांनी झोळीतून आणलेली तिची सून, यशोदा, माझ्या महाडच्या दवाखान्यात बाकावर आडवी होती. बाळंत होऊन नऊ दिवस झालेले. नवरा मुंबईला गिरणीत. तान्हा मुलगा म्हातारीच्या मांडीवर.

"हिला आजच नाते गावी म्हायेरी सोडनार. पोर आमच्याकडं ऱ्हाईल. झपाटलेलीच्या हाती कसं द्याचं?"

यशोदा नुसती मुलाकडे बघत होती. मी तिला तपासलं.

ताप नव्हता, अंगावरून रक्तही फार जात नव्हतं. मी ब्लडप्रेशरचं यंत्र काढलं. ते आणल्यापासून माझा तोरा काही विचारू नका! दंडाला पट्टा बांधला, पारा पाहिला आणि जाहीर केलं, "प्रेशर ठीक आहे."

"मंग बाधाच! गावचा भगत बोलला तेच मशीनबी बोलतंय."

माझंच यंत्र भगताच्या बाजूने साक्ष देऊन बसलं. तेवढ्यात यशोदा हळूच म्हणाली, "उभी ऱ्हायल्यावर बगा ना."

हे मला सुचायला हवं होतं. तिला उभं केलं. पारा भराभर उतरला, तिचे डोळे फिरले. दिरांनी बखोटीला धरून तिला ताठ उभी ठेवली.

"आडवी करा! पाय वर घ्या!" मी ओरडलो. मिनिटभरात तिने डोळे उघडले.

आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं, हृदय जोरात चालवतं आणि डोक्याला रक्त पुरवतं. पण शेताच्या पाटात पाणीच नसेल तर ते वळवायला दारं धरून काय उपयोग? अंगातलं पाणी आटलं की रक्तही कमी पडतं, मग माणूस पडतो. आडवं झालं की रक्त आपसूक डोक्याला पोचतं. पडणं हाच शेवटचा उपाय, आणि आपण नेमकं पडू देत नाही.

"पाणी किती देता हिला?"

"बाळंतिनीला पानी? दिवसाला वाटीभर. मीठ नाय. बाजेखाली शेगडी हाय की."

नऊ दिवस नुसता घाम! आमच्या घरून मीठ घातलेली पेज आली. पाणी तर मागेल तेवढं. दोन दिवस तिला ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती उभी राहिली आणि पारा जागचा हलला नाही.

म्हातारीने मुलगा तिच्या हातात दिला. "घे गो, तुजा तू." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माज्या येळेला मलाबी लय तान लागायची. मी कुनाला बोलले नाय."

तेव्हापासून प्रेशर मी उभं करूनही बघतो. बाळंतीण असली तर आधी पाण्याचा तांब्या पुढे करतो, यंत्र नंतर.