तुमचं कुलदैवत कोणतं?

त्या सिरियलमधला विजांचा देव टायरच्या दुकानात कामाला होता. प्रेमाची देवी रस्त्यावर पार्किंगच्या पावत्या फाडायची, आणि देवांचा एकडोळ्या राजा वृद्धाश्रमात रिमोटवरून भांडायचा. उत्तरेकडच्या बर्फाळ देशांतले ते जुने नॉर्स देव माणसांच्या जन्माला आलेले आणि आपल्यासारखेच वैतागलेले. हसवता हसवता मधेच रडवणारी ती सिरियल आम्ही अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावातली काही मराठी कुटुंबं दर शुक्रवारी संध्याकाळी एकत्र बघायचो.

घर ठरलेलं होतं. त्या घरच्या बाईंना माझी मुलगी काकू म्हणायची, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा ती त्यांच्याकडेच राहिली होती. त्यांच्या मुलीशी तिचं इतकं गूळपीठ, की दोघींचे मोजेसुद्धा कोणाचे कोणते ते कळायचं नाही. आमचे सख्खे सगळे नागपूरला. इथे तिला नातेवाईक म्हणून जे काही होतं, ते त्या घरात होतं.

सिरियल मला आवडायची, पण एक गोष्ट डोक्यात जायची. देव फक्त ठरावीक घराण्यांतच जन्मायचे. बाकीच्यांनी कितीही जीव तोडला तरी त्यांच्यात देव येणार नाही. मी घरी येऊन चिडचिड केली की नवरा म्हणायचा, "अगं, कॉमेडी आहे. हस की." तो स्वतः मात्र त्या प्रसंगांना उठून पाणी प्यायला जायचा. मी ते बघायचे.

आम्ही बौद्ध आहोत. नवऱ्याच्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि घरातले देव तेव्हाच गेले. आमच्या वरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आहे. तिच्यासमोर मुलगी लहानपणापासून वंदना म्हणते. पाहुणे वर जात नाहीत. आमचं आडनाव कोणाचंही असू शकतं असं आहे, आणि नवऱ्याने या गावात आल्यापासून ते तसंच राहू दिलं होतं. मुलीला या लपवण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? की घरी ज्याचा अभिमान शिकवतो, ते बाहेर बोलू नकोस?

त्या शुक्रवारी भाग संपला, बाहेर बर्फ पडत होता म्हणून कोणी उठेना. काकूंना खेळ सुचला. "आपले देव नेपरव्हिलला राहायला आले तर? प्रत्येकाने आपापलं कुलदैवत सांगायचं आणि ते इथे काय करेल तेही!"

हसून हसून पुरेवाट झाली. एकांची भवानी स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सरळ करणार होती. काकांचा खंडोबा डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारात हळद विकणार होता, "पण पार्किंग मिळालं तर!" मीही हसत होते. हसता हसता माझ्या लक्षात आलं की पाळी आमच्याकडे येतेय, आणि मी नवऱ्याकडे पाहिलं.

"आणि तुमचं कुलदैवत कोणतं हो?" काकूंनी नवऱ्याला विचारलं.

"आमचाही खंडोबाच," तो म्हणाला. इतक्या सहज, की क्षणभर मलाही खरं वाटलं.

"अय्या, जेजुरीचा का? मी केव्हाची विचारणार होते. आडनावावरून काही अंदाजच येत नव्हता."

"बाबा, व्हॉट?" मुलगी खालून, गालिच्यावरून म्हणाली. "आपल्याला कुलदैवत नाहीये. वी आर बुद्धिस्ट! पणजोबांनी दीक्षा घेतली ना नागपूरला?" शाळेत प्रोजेक्ट सांगावा तशा उत्साहाने तिने सगळ्यांकडे पाहिलं.

कोणी वाईट बोललं नाही. वाईट बोलले असते तर मला भांडता आलं असतं. काका म्हणाले, "अरे वा, आम्हीपण मेडिटेशनचं ॲप वापरतो." दुसरे एक म्हणाले, "आम्ही असलं काही मानत नाही हं." त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. काकूंनी भराभर प्लेट्स गोळा केल्या आणि उद्या लवकर उठायचंय असं दोनदा म्हणाल्या.

गाडीत मुलगी रडवेली झाली होती. "बाबा, तू खोटं का बोललास? आर यू अशेम्ड ऑफ अस?"

नवऱ्याने गाडी कडेला घेतली. वायपर चालूच ठेवले.

"लाज नाही गं वाटत. भीती वाटते."

"कोणाची? दे आर जस्ट काका अँड काकू!"

"हो ना," तो म्हणाला. "ते तुझे काका-काकूच राहावेत म्हणून बोललो."

तिला कळलं की नाही, कोण जाणे. मला नवऱ्याचा भयंकर राग आला होता आणि त्याचा हात हातात घ्यावासाही वाटत होता. मी ना भांडले, ना हात धरला.

पुढच्या शुक्रवारी ग्रुपवर मेसेज आला नाही. मी उगाच उपमा करून ठेवला. नवरा ऑफिसातून आला आणि कपडे न बदलता खुर्चीत बसून राहिला. मुलगी सोफ्यावर फोन घेऊन बसली होती. तिला पांघरूण द्यायला मी मागून गेले, तर फोनवर तिच्या मैत्रिणीने नुकताच टाकलेला फोटो होता. तोच हॉल, तीच मंडळी, टीव्हीवर तो एकडोळ्या राजा. आमच्या जागेवर कोणीतरी पाय पसरले होते.

तिने माझी चाहूल लागताच फोन पालथा घातला. बापाकडे एकदा पाहिलं आणि हसली.

"आज कॅन्सल केलंय, बाबा," ती म्हणाली. "सगळे बिझी आहेत."

इतक्या सहज, की नवऱ्याला ते खरंच वाटलं.