उस्तादाने न दिलेली फेरी

एग्मोरला आमच्या अंगणाभोवती चार बिऱ्हाडांचे चार पोर्शन होते. तिसऱ्यात साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार एकटेच राहायचे. पलटणीत त्यांनी वीस-बावीस वर्षं बॅगपाइप वाजवला होता, आणि आता साठीच्या सुरुवातीला रेल्वेच्या एका गोदामावर ते राखणदार होते. मी त्यांना मामा म्हणायची. रोज संध्याकाळी पाचला ते गच्चीवर जाऊन पिशवी फुगवायचे आणि नेमकी तेव्हाच मी खाली वीणा घेऊन बसायची. वीणा कुठे ऐकू येणार? मी चिडून वर गेले ती भांडायलाच.

भांडण राहिलं बाजूला, कारण त्यांनी पिशवी काखेतून काढली तरी सूर क्षणभर चालूच होता.

"मामा, हें मध्यें थांबतच नाहीं कां?" मी विचारलं.

"पिशवीत वारा हाय तवर थांबायची सोय न्हाई," ते म्हणाले. माझी तंजावरी मराठी ऐकून त्यांना नेहमीच हसू यायचं, तसं तेव्हाही आलं.

थांबत नाही, लहान-मोठा आवाज होत नाही, सूर मोजून नऊ. मग तोच सूर दोनदा वाजवायचा कसा? मामांनी दाखवलं: मध्ये दुसऱ्या बोटाने एक चिमुकला सूर टाकून तो तोडायचा. असे सूर तोडायचे कितीतरी प्रकार होते. मी एकोणीस वर्षांची, सात वर्षं वीणा शिकलेली, संगीतातलं सगळं कळतं अशा तोऱ्यात वावरणारी. त्या संध्याकाळी तो तोरा बराच उतरला आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

वडिलांना, म्हणजे अप्पांना, सांगितलं, तर ते ऑफिसच्या कपड्यांतच खुर्चीत बसून म्हणाले, "त्यांत नवल काय? आपल्या तंजावरांत नाचणारीच्या मागें एक जण बकऱ्याच्या कातड्याची पिशवी काखेंत धरून नुसती श्रुती, एकच आधारसूर, देत उभा राहायचा. मी लहानपणीं पाहिलें आहे." गोऱ्यांचं म्हणून ज्याला मी नाकं मुरडत होते ते आमच्याही घरचं निघालं. मग मी रोजच गच्चीवर जाऊ लागले.

मामांकडे पलटणीच्या संचलनाच्या चाली पुष्कळ होत्या, पण त्या त्यांच्या लेखी किरकोळ. खरी चाल एकच. ती दुसऱ्या महायुद्धात, मिसरच्या छावणीत, एका स्कॉटिश पाइपवाल्याने त्यांना शिकवली होती. मामा त्याला उस्ताद म्हणायचे. त्याच्या डोंगराळ मुलखात पाइपवाल्यांची घराणी असत, सरदार त्यांना जमिनी देत, आणि सरदार मेला की घराण्याने शोकाची चाल बांधायची. कागद नाही. गुरूने तोंडाने बोल म्हणायचे, शिष्याने म्हणत म्हणत पाठ करायचे. कुठला बोल म्हणजे कुठलं बोट, हे त्यातच आलं.

चालीची पहिली संथ फेरी म्हणजे 'भुई'. उस्तादाच्या भाषेतही तिला जमीनच म्हणत, असं मामा सांगायचे. मग फेऱ्यांमागून फेऱ्या. दर फेरीत भुईचे मुख्य सूर तेच, फक्त प्रत्येक सुराला लागणारी शेपटी वाढत जाते. हिन्-दारिद, हो-दारिद. सगळ्यात अवघड शेपटी शेवटी, तिचा बोल 'बांद्रे'. ती झाली की पुन्हा भुई.

त्याच सुमारास दातांच्या डॉक्टरने मामांना निकाल सांगितला. हिरड्या पार गेल्या होत्या, ताप येत होता, सगळेच दात काढायचे. दात गेले की तोंडातली नळी धरणार कशी? कवळी बसून, ती सरावून पुन्हा वाजवता येईल की नाही, याची डॉक्टरने हमी दिली नाही. मामांनी पंधरा दिवसांनंतरचा मंगळवार ठरवून घेतला.

"त्याआधी एकदा सलग वाजवायची," ते मला म्हणाले. "मग काढा म्हनावं काय काढायचं ते."

दात गेल्यावर चाल हरवू नये म्हणून मदतीला मी धावलेच. वही घेतली आणि त्यांनी म्हटलेली चाल सरिगमपधनीत लिहून काढली. मात्र सूर वीणेवर बसवताना दोन सूर आमच्या पडद्यांच्या मधोमध पडत होते. मी ते 'सुधारले'. लय आपल्याच मनाने रेंगाळत होती, तिला आठ मात्रांच्या आदितालात बसवलं. जिथे बोट मारून सूर तोडायचा तिथे छान गमक घातला. एवढं करून अभिमानाने वाजवून दाखवलं.

मामा ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, ही मयताची चाल हाय. हिला टाळ्या कशापायी मोजतीस?"

कान तापले माझे. वही मी ट्रंकेच्या तळाशी टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून समोर बसून बोल पाठ करू लागले. आठ दिवसांत दारिदची फेरी पुरी झाली.

"आतां बांद्रे," मी म्हटलं.

"ती न्हाई," मामा म्हणाले. "ती द्यायच्या आदल्या दिशी उस्तादाची पलटण हलली. मानूस परत गावला न्हाई."

म्हणजे वीस वर्षं ही चाल अर्धवटच होती. मला दोन दिवस झोप नीट लागली नाही आणि तिसऱ्या दिवशी लख्ख दिसलं. भुईचे सूर माहीत आहेत. बांद्रेची बोटं मामांना सरावाचा धडा म्हणून येतातच. दारिद जिथे जिथे आहे तिथे बांद्रे घालायचं, झालं. मी धापा टाकत गच्चीवर गेले आणि सगळी फेरी म्हणून दाखवली.

मामांनी डोळे मिटून ऐकली. "बरोबर आसंल," ते म्हणाले, "पर मला दिलेली न्हाई."

मी वाद घातला, विनवण्या केल्या, शेवटी हट्टी म्हातारा असंही म्हणून बसले.

सोमवारी सकाळी मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी चाल वाजवली. कोळी जाळी सोडून बघायला आले. भुई झाली, एकेक फेरी झाली, दारिद झाली, आणि त्यांनी काखेतली पिशवी सोडून दिली. पुन्हा भुईवरही आले नाहीत. मला इतका राग आला की बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले नाही. मंगळवारी दात गेले.

शुक्रवारी मामा आमच्या पायरीवर आले. गालफडं सुजलेली, बोलता येत नव्हतं. हातात नुसती भोकांची नळी होती, पिशवीवाचून. माझ्या तोंडाकडे बोट करून त्यांनी खुणावलं: म्हण.

मी भुई म्हणू लागले. माझ्या बोलांवर त्यांची बोटं नळीवर हलत होती, आवाज काहीच नाही. दारिदची फेरी संपली तशी मी थांबले, म्हटलं आता ते उठतील. बोटं नळीवरून हलली नाहीत. मामा माझ्याकडे बघत राहिले. मग मी भीत भीत हिन्-बांद्रे म्हटलं.

बोटं धावली. मी एके ठिकाणी अडखळले, तिथे ती माझ्या पुढे गेली आणि माझीच वाट बघत थांबली. ही फेरी त्या बोटांना नवी नव्हती. मी तीन दिवसांत शोधली म्हणून मिरवत होते ती मामांना कित्येक वर्षं येत होती, आणि उस्तादाने दिली नव्हती म्हणून त्यांनी एकदाही तिच्यात वारा भरला नव्हता. मला रडू फुटलं. मामांनी नळीने माझ्या गुडघ्यावर हलकेच टोचलं, पुढचे बोल म्हण म्हणून.