बंद दारापाशी

नवऱ्याचा फोन लागला नाही की कासोन्देचं कामातलं लक्ष उडायचं. झांबियातल्या किट्वे शहरातल्या आमच्या सलूनमध्ये ती माझ्या शेजारीच वेण्या घालायची. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर अर्धी वेणी तशीच सोडून ती पुन्हा पुन्हा फोन लावत बसे. नवरा काबासो तांब्याचा ट्रक घेऊन टांझानियातल्या दार-एस-सलाम बंदरात जायचा. वाटेत रेंज जायची, एवढंच. पण हिच्या डोळ्यांपुढे उलटलेला ट्रक यायचा.

आणि तो सुखरूप घरी आला, की ही भांडायची. "कुठल्या बाईकडे होतास?" मक्याच्या पिठाची न्शिमा ताटात गार व्हायची आणि काबासो चपला घालून बाहेर पडायचा. तो सोडून जाईल याच भीतीनं ती मरायची आणि तीच त्याला दाराबाहेर ढकलायची.

शेवटी तो म्हणाला, "असंच चाललं तर खेपेवरून मी भावाकडेच उतरेन. मला घरी यायची धास्ती वाटते."

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये तिला श्वास घेता येईना. दवाखान्यात तपासून नर्स म्हणाली, "हृदय ठणठणीत आहे. मागच्या खोलीत समुपदेशक सिताली मॅडम बसतात, त्यांच्याशी बोला."

"म्हणजे मी वेडी झालेय का गं?" कासोन्देनं मला विचारलं.

"वेडी नाहीस, घाबरलीयेस. चल, मी दारापर्यंत येते."

आत काय झालं ते तिनं मला पुढे हळूहळू सांगितलं. पहिल्या दिवशी तिनं दार लावू दिलं नाही. सिताली मॅडम उघड्या दारातच तिचं ऐकत बसल्या. काही भेटींनंतर वडिलांचा विषय निघाला. ते खाणीत कामाला गेले आणि परत आलेच नाहीत. कासोन्दे तेव्हा लहान होती. आत्या म्हणाल्या, बाबा गावाला गेलेत. खाणीत मेलेल्या बाबांना पुरताना तिला नेलंच नाही. ती फाटकाशी वाट बघत बसायची. माणूस नजरेआड झाला की संपला, हे तिथेच तिच्या मनात बसलं.

मग एके दिवशी ती गेली, तर खोलीला कुलूप. मॅडमच्या घरी कोणी वारलं होतं, निरोप पोचला नव्हता. कासोन्दे राखेसारखा चेहरा घेऊन परतली. "गेली तीही. मला माहीतच होतं. आता मी जाणार नाही."

पुढच्या आठवड्यात मी तिला जवळजवळ ओढत नेलं. त्या दिवशी ती इतकी ओरडली की बाहेर बाकावर मला ऐकू आलं. मॅडमचा आवाज मात्र चढला नाही.

"निरोप पोचला नाही, ही माझी चूक. पण कुलूप बघून तुम्हाला काय वाटलं?"

"तुम्ही मेलात असं वाटलं."

"आणि आता, ओरडताना?"

तिचा आवाज खाली आला. मग ती म्हणाली, "आता तुम्ही मला हाकलाल."

"मी नाही हाकलणार. ओरडलात तरी पुढच्या वेळी या."

त्यानंतर ती रडली ते वडिलांसाठी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या खेपेला काबासो सीमेवर अडकला. दिवसभर त्याचा पत्ता नाही. कासोन्दे घामानं भिजली होती, पण हातातली वेणी तिनं पुरी केली. तो घरी आला तेव्हा 'कुठल्या बाईकडे' हे शब्द अगदी ओठांवर आले होते, असं ती म्हणते.

"मी फार घाबरले होते," ती म्हणाली. "बाबांसारखा तूही येणार नाहीस असं वाटलं."

काबासो चपला शोधायला वळला होता, तो थांबला. "हे कधी बोलली नाहीस."

"मलाच कुठं माहीत होतं?"

तो भावाकडे गेला नाही. भांडणं अजून होतात, भीतीही येते, आणि कासोन्दे त्या खोलीत जातच असते. परवा जेवताना काबासोनं खाली मान घालून तिला विचारलं, "त्या मॅडम पुरुषांचंही ऐकतात का? दार-एस-सलामच्या वाटेवरच्या घाटात रात्री ट्रक चालवताना मलाही भीती वाटते."